वेरूळची गर्दी आणि अकराचा ठोका

प्रश्न परभणीच्या एका ताईंचा आहे. थोडक्यात असा: ‘डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तीन दिवस सुट्टी आहे. आईचं वय ६८, गुडघे दुखतात, पण हौस दांडगी. तिला वेरूळ बघायचंय. चार वर्षांपूर्वी गेलो होतो तेव्हा कैलास लेण्यात एवढी गर्दी होती की आमच्या फोटोत अनोळखी माणसंच जास्त आली. गाडी करून जायची ऐपत नाही. दोघींचं मिळून चार हजारांच्या आत बसवायचंय. नीट बघून होईल का?’

होईल, ताई. चार हजारांतले थोडे उरतीलही. पण वेळापत्रक मी सांगतो तसं ठेवावं लागेल, आणि ते जरा उलटं आहे.

मी ३१ वर्षं जालना जिल्ह्यातल्या एका शाळेत चित्रकला शिकवली. सहलीचं काम खरं तर इतिहासाच्या सरांचं, पण ते दरवर्षी काही ना काही निमित्त काढून माझ्या गळ्यात पडायचं. त्यामुळे वेरूळला किती वेळा गेलो ते मोजणं मी कधीच सोडून दिलं. पहिली सहल मात्र अजून आठवते. ५४ पोरं, एसटीची एक गाडी, सकाळी सातला निघालो. वाटेत पोह्यांसाठी थांबलो, मग दौलताबाद ‘नुसतं खालून’ दाखवलं, आणि वेरूळला पोचलो साडेअकराला. आवारात आधीच आठ-दहा शाळा. कैलास लेण्यात शिरलो ते पोरांचे हात धरून, आणि बाहेर पडलो ते पोरं मोजत. परत आल्यावर सातवीच्या वर्गाला सहलीवर निबंध लिहायला दिला. एकाने लिहिलं, ‘कैलास लेणे फार मोठे आहे. तेथे खूप डोकी आहेत.’ मी त्याला दहापैकी नऊ दिले. खोटं काहीच नव्हतं त्यात. चूक माझी होती.

नंतरच्या वर्षांत एक गोष्ट ध्यानात आली. वेरूळची गर्दी दिवसभर नसते, तिची ठरलेली वेळ असते. मुक्कामी पर्यटक संभाजीनगरातून नाश्ता करून निघतो, वाटेत दौलताबादला उतरतो, आणि साडेदहा-अकराला वेरूळच्या फाटकाशी पोचतो. सहलीच्या गाड्याही त्याच सुमाराला. फाटकातून आत आलं की समोर १६ नंबर, म्हणजे कैलास, म्हणून सगळे आधी तिथेच घुसतात. चार वाजले की परतीची घाई सुरू, कारण बीबी का मकबरा अजून ‘करायचा’ राहिलेला असतो. म्हणजे अकरा ते चार जत्रा. लेणी उघडतात सूर्योदयाला आणि बंद होतात सूर्यास्ताला. ही दोन्ही टोकं जवळजवळ मोकळी असतात. ती टोकं गाठायची तर आदल्या रात्री वेरूळ किंवा खुलताबादेत मुक्काम हवा. म्हणून माझं सांगणं एकच: पैसा गाडीवर घालू नका, मुक्कामाच्या खोलीवर घाला.

आता वार. वेरूळ मंगळवारी बंद, अजिंठा सोमवारी बंद. हे सगळ्यांना माहीत असतं, पण त्याचा परिणाम कुणी लक्षात घेत नाही. दोन दिवसांत दोन्ही उरकायचं ठरवून आलेला परप्रांतीय पर्यटक सोमवारी वेरूळलाच येतो, त्याला दुसरा पर्यायच नसतो. शिवाय सोमवार म्हणजे घृष्णेश्वराचा वार. त्यामुळे सोमवार सोडा, शनिवार-रविवार सोडा. माझ्या अनुभवात गुरुवार सगळ्यांत सुसह्य. २५ डिसेंबर ते १ जानेवारी हा आठवडा तसा कुठलाही वार असला तरी भरलेलाच असतो, नोव्हेंबर ते जानेवारी सहलींचा हंगाम. पण तुमची सुट्टी तेव्हाच आहे, तर त्यातल्या त्यात बुधवार-गुरुवार-शुक्रवार जुळवा. मंगळवार आलाच तर तो दिवस दौलताबादला द्या. किल्ल्याच्या पायथ्याला भारतमाता मंदिर म्हणतात ते आवार आहे. आत खांबांची दाट गर्दी आणि माणसांची अजिबात नाही. हे खांब जुन्या देवळांचे आहेत. आईंना वरची चढण नकोच, पण तेवढं आणि चांद मिनार सपाटीवरून बघून होतं.

प्रवासाचं सांगतो. परभणीहून संभाजीनगरपर्यंत रेल्वे घ्या. चार तासांच्या आसपास लागतात, आणि जनरलचं तिकीट एसटीच्या अर्ध्या तिकिटापेक्षाही स्वस्त पडतं. रेल्वेत ज्येष्ठांची सवलत २०२० पासून बंद आहे, तरीसुद्धा. पुढे एसटी. एसटीत तुम्हा दोघींनाही अर्धं तिकीट आहे; मार्च २०२३ पासून सगळ्याच महिलांना आहे. आईंचं आधार कार्ड तरी जवळ असू द्या, कधी कोणता वाहक काय मागेल सांगता येत नाही. मध्यवर्ती बसस्थानकावरून कन्नड-चाळीसगावकडे जाणाऱ्या बऱ्याच गाड्या वेरूळवरून जातात, पण सगळ्या नाही. पाटी वाचून चढू नका, ‘वेरूळवरून का?’ असं वाहकाला विचारून चढा. स्थानकाबाहेर काळी-पिवळीवाले हाका मारत असतात. त्यातही जाता येतं, पण ‘बस, दोन सीट भरल्या की निघालोच’ या वाक्यावर एक तास जातो आणि आईंच्या गुडघ्यांची घडी होते.

तर पहिल्या दिवशी दुपारी परभणी सोडा, संध्याकाळी वेरूळ. घृष्णेश्वराच्या आसपास भक्तनिवास आणि साध्या खोल्या आहेत. सुट्टीच्या आठवड्यात आधी फोन करून ठेवणं बरं. त्याच संध्याकाळी दर्शन उरकून घ्या, सकाळची वेळ लेण्यांसाठी राखायची आहे. मोबाईल आत नेऊ देत नाहीत, म्हणून तो खोलीवरच ठेवा. पुरुषांना गाभाऱ्यात उघड्या अंगाने जावं लागतं, तो प्रश्न तुम्हाला नाही.

घृष्णेश्वराबद्दल एक गोष्ट, जी मराठवाड्यातल्या कुठल्याही गजबजलेल्या देवळाला लागू आहे. गर्दी रांगेत असते, भिंतीपाशी नसते. आज उभं असलेलं देऊळ अहिल्याबाई होळकरांच्या काळचं, लाल दगडाचं. बाहेरच्या अंगाला मूर्तिकाम आहे, आणि तासभर रांगेत उभी राहिलेली माणसं बाहेर पडून थेट चपला शोधायला जातात. तुम्ही दर्शनानंतर एक संथ प्रदक्षिणा घाला. जवळच शिवालय तीर्थ आहे. चौकोनी कुंड, खाली उतरत जाणाऱ्या पायऱ्या आणि त्या पायऱ्यांच्या टप्प्यावर आठ लहान देवळं. आईंना उतरायची गरज नाही, काठावरून सगळं दिसतं.

औंढा नागनाथला तर मी हे पोरांना मुद्दाम करायला लावायचो. तुम्हाला औंढा परकं नाही, तरी सांगतो. महाशिवरात्रीला आणि श्रावणात तिथे पाय ठेवायला जागा नसते, खालच्या अरुंद गाभाऱ्यात वाकून, जवळजवळ बसून उतरावं लागतं. पण देवळाच्या बाहेरच्या भिंतीवर यादवकाळातली शिल्पं ओळीने उभी आहेत आणि त्यांच्यासमोर कुणी नाही. नंदी मागच्या बाजूला का, याची नामदेवांच्या कीर्तनाची आणि देऊळ फिरल्याची गोष्ट प्रत्येक आजी सांगते. भिंतीच्या खालच्या निम्म्या भागातलं कोरीवकाम आणि वरचं नंतरच्या काळातलं शिखर यांतला फरक मात्र पोरांनी चित्रं काढायला घेतली तेव्हाच त्यांना दिसला. फुकट प्रवेश, फुकट गर्दी, आणि गर्दीच्या पाठीमागे मोकळी भिंत.

आता मुख्य दिवस.

तिकीट आदल्या रात्रीच ऑनलाइन काढा. भारतीयांना ४० रुपये, ऑनलाइन ३५. पाच रुपयांचं महत्त्व नाही, सकाळी खिडकी उघडण्याची वाट बघावी लागत नाही हे महत्त्वाचं. तिकिटाचा फोटो मोबाईलमध्ये साठवून ठेवा, कारण डोंगराच्या कुशीत रेंज जाते आणि मग फाटकाशी उभं राहून मोबाईल आकाशाकडे धरणारी माणसं दिसतात. त्याच तिकिटात सगळी ३४ लेणी येतात. दिवसभर जपा.

फाटक उघडताच आत, आणि सरळ १६ नंबर. इतर वेळी मी सांगतो की क्रमाने बघा, १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू, ३० ते ३४ जैन. ते पुस्तकात ठीक. गर्दीच्या दिवसात आधी कैलास, कारण सकाळी साडेनऊनंतर तो तुमचा राहत नाही.

पहाटे तिथे काय असतं? झाडूचा आवाज. सफाईवाल्या बायका आवारातला पाला लोटत असतात आणि तो आवाज तिन्ही बाजूंच्या कड्यांवरून परत येतो. वटवाघळांचा उग्र वास, तो नंतर माणसांच्या वासात बुडून जातो. वर पोपटांचा कलकलाट. वेरूळची जवळजवळ सगळी लेणी पश्चिमेकडे तोंड करून आहेत, म्हणजे सकाळी ऊन डोंगराच्या मागे असतं आणि आवारात सावली. फोटोवाले याला नाक मुरडतात. मला विचाराल तर कोरीवकाम बघायला ही सावलीच बरी, डोळ्यांवर तिरीप येत नाही आणि खोलगट भागसुद्धा दिसतात. उन्हाचं मी पुढे सांगतो.

दारातून शिरल्यावर समोर गजलक्ष्मी. इथे सगळे थांबतात, तुम्ही नंतर थांबा. उजवीकडे वळा, म्हणजे दक्षिणेच्या अंगणात. मुख्य देवळाच्या जोत्यावर हत्तींची रांग आहे, सगळं देऊळ पाठीवर घेतल्यासारखी. भिंतीवर रामायणाचा पट आहे, एकाखाली एक ओळी, जत्रेतल्या चित्रकथेसारखा. माकडं दगड वाहून सेतू बांधताहेत ते आईंना शोधू द्या, मदत करू नका. महाभारताचा पट उत्तरेच्या बाजूला आहे.

आणि मग रावण. दक्षिण बाजूलाच, खालच्या अंगाला. कैलास पर्वत उचलायला निघालेला रावण, त्याचे हात पंख्यासारखे पसरलेले, वर शिवपार्वती. या एका शिल्पासमोर मी पोरांना वीस मिनिटं बसवायचो. पहिली पाच मिनिटं चुळबूळ. मग एखादी मुलगी म्हणायची, ‘सर, ती बघा, ती पळतेय.’ पार्वतीची दासी. पर्वत हलल्यावर ती पाठ फिरवून पळत सुटली आहे. पार्वतीने शिवाचा दंड घट्ट धरला आहे. आणि शिव? त्याला घाबरायचं कारणच नाही, तो पायाने नुसता दाब देतोय. एकाच दगडात तीन माणसांच्या तीन तऱ्हा. रावण कोरलाय तो भाग पुष्कळ खोल आहे, त्यामुळे तो खरंच अंधारात, खाली अडकल्यासारखा दिसतो. अकराच्या गर्दीत हे शिल्प दिसतं, पण ती पळणारी दासी दिसत नाही, कारण तोवर मागून कुणीतरी म्हणतं, ‘दादा, जरा सरका, ग्रुप फोटो.’

आईंनी वर देवळात जायचं का? दोन्ही बाजूंचे जिने अरुंद आणि उंच पायऱ्यांचे आहेत. उतरताना त्रास होतो, चढताना नाही. माझं मत, जाऊ नये. खालचं अंगण सपाट आहे आणि निम्म्याहून जास्त कैलास तिथूनच दिसतो. तुम्ही एकट्या वर जाऊन या, छताकडे बघा. तिथे रंगाचे तुकडे अजून शिल्लक आहेत. पूर्वी हे सगळंच गिलावा देऊन रंगवलेलं होतं, लोक याला ‘रंगमहाल’ म्हणायचे. चपला काढाव्या लागतात. डिसेंबरात सकाळी दगड बर्फासारखा गार असतो आणि एप्रिलात तव्यासारखा. दोन्हीवर उपाय एकच, जाडे पायमोजे.

एवढं मोठं काम वरून खाली कोरत आणलं, हे ऐकून माहीत असतं. ते पटतं तेव्हा, जेव्हा आकडे डोळ्यांसमोर येतात: खड्डा साधारण २७६ फूट लांब, १५४ फूट रुंद, मागची भिंत १०७ फूट उंच. आधी खंदक खणून मधला दगड सुटा केला, मग त्यातून शिखर आणि शेवटी जोतं. चुकीला जागा नाही, तुटलेला दगड परत चिकटत नाही. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातलं, म्हणजे आठव्या शतकातलं हे काम. त्याच घराण्याच्या पुढच्या पिढीतला, ८१२ सालचा बडोद्याचा एक ताम्रपट आहे. त्यात म्हटलंय की हे देऊळ बघून देवांनाही ते माणसाचं काम वाटेना, आणि ज्याने केलं तो शिल्पीसुद्धा चकित झाला की हे मी केलं तरी कसं! लोककथेत या शिल्प्याचं नाव कोकस, पैठणचा. राणीने शिखर दिसेपर्यंत अन्न घेणार नाही असा नेम धरला, म्हणून त्याने शिखर आधी कोरलं, अशी ती गोष्ट. चित्रकलेचा मास्तर म्हणून मला ताम्रपटातलं वाक्य जास्त खरं वाटतं. चांगलं चित्र झालं की पोरांचा चेहरा तसाच व्हायचा.

साडेनऊच्या सुमाराला कैलास सोडा. पायात जोर असेल तर तुम्ही एकट्या बाहेरून उजव्या हाताच्या पायवाटेने वर जाऊन खड्ड्याकडे वाकून बघू शकता. रखवालदार आहे ना, वाट उघडी आहे ना, ते आधी बघा. आणि कड्यावर आग्यामोहोळं लटकलेली असतात. अत्तर, स्प्रे मारून जाऊ नका, खाली कुणी विडी पेटवली तर तिथून निघून जा. हा विषय चेष्टेचा नाही, मी एकदा तिसऱ्या तुकडीला दप्तरं डोक्यावर धरून पळताना बघितलंय.

पुढचा तास-दीड तास बौद्ध लेण्यांना. १५ नंबरला राष्ट्रकूट राजा दंतिदुर्ग याचा लेख आहे आणि दशावतारही, पण जिना वाईट आहे, आईंना वगळा. १२ नंबरचा तीन ताल तीन मजली; तिसऱ्या मजल्यावर सात-सात बुद्ध ओळीने बसलेले आहेत, आणि तिथवर सहल सहसा चढत नाही. तुम्ही चढा, आई खाली सावलीत बसतील. त्यांना १० नंबरला मात्र न्याच. सुताराचं लेणं. छताला दगडाच्याच फासळ्या कोरल्यात, लाकडी वाशांसारख्या, म्हणून ते नाव. स्तूपासमोर बुद्ध बसलेत. आता नुसतं बघून ठेवा, परत यायचंय.

अकरा वाजले की आवारातून बाहेर पडा. बसगाड्यांची रांग लागलेली दिसेल, तिच्याकडे बघून जरा समाधानाने हसून घ्या, मी नेहमी हसायचो. बाहेर पिठलं-भाकरी मिळते, नसेल तर राइस प्लेट. स्वच्छतागृह इथेच वापरून घ्या, पुढे सोय कमी. गारगोट्या विकणारी पोरं मागे लागतील. हिरवा-गुलाबी भडक रंग दिसला की तो रंगवलेला असतो. पांढरट, आत स्फटिकांचे दाणे असलेला तुकडा खरा. भाव अर्ध्यावर येतो. पेरू घ्या, हंगाम असतो.

बाराला जैन लेणी. कैलासापासून दीड-दोन किलोमीटर आहेत, बस जाते, ती घ्या. गर्दी इथवर येताना विरळ होत जाते, ‘तिकडे काय, तेच ते असणार’ असं म्हणून. ३२ नंबर, इंद्रसभा. नाव चुकीचं पडलंय. हत्तीवर बसलेला तो यक्ष, लोकांनी इंद्र समजला. आंब्याच्या झाडाखाली सिंहावर बसलेली अंबिका, तिला इंद्राणी केलं. त्या आंब्याकडे नीट बघा. पानांच्या झुबक्यात कैऱ्या लोंबताहेत आणि झाड इतकं आपल्याकडचं आहे की कुणी दगडाचं म्हणणार नाही. वरच्या मजल्यावर छताला कोरलेलं कमळ आहे, जिना बऱ्यापैकी चढता येतो. भर दुपारी हे लेणं गार असतं. मी इथे पोरांना डबे खायला नाही पण झोपायला परवानगी द्यायचो. पाठ टेकून छत बघा म्हणायचो, निम्मी झोपायची. आईंनाही अर्धा तास टेकू द्या, मात्र रखवालदाराला विचारून.

२९ नंबरचं धुमार लेणं मी तुमच्या यादीत धरलेलं नाही. घारापुरीच्या जातीचं भव्य लेणं आहे, बाजूला पावसाळ्यात धबधबा पडतो. पण डिसेंबरात धबधबा नसतो आणि आईंची ताकद संध्याकाळसाठी राखायची आहे.

तीननंतर परत १० नंबर. आता ऊन पश्चिमेला आलंय. वरच्या खिडकीतून उजेड आत उतरतो आणि सकाळी राखाडी दिसलेला बुद्ध तांबूस होतो. फासळ्यांच्या सावल्या छतावर लांबतात. तिथे गप्प बसा. कुणीतरी हमखास ‘ओम’ म्हणून आवाज घुमवून बघणार, त्याला दोन मिनिटं द्या, तो जातो.

साडेचारला पुन्हा कैलास. गाड्या सुटायला लागलेल्या असतात. सकाळी सावलीत बघितलेलं देऊळ आता समोरून उजळतं. शिखराचा वरचा भाग आधी सोनेरी, मग केशरी, आणि खालच्या हत्तींना तोवर अंधाराने गाठलेलं असतं. आता गजलक्ष्मीसमोर उभ्या राहा, ध्वजस्तंभासमोर फोटो काढा, अनोळखी माणसं नसतील. रखवालदाराची शिट्टी वाजली की निघायचं, ‘एकच मिनिट’ करायचं नाही. तो दिवसभर उभा असतो.

खर्चाचा माझा अंदाज असा: रेल्वे आणि एसटी मिळून दोघींचं जाऊन-येऊन हजाराच्या आत, दोन रात्रींची साधी खोली दीड-दोन हजार, जेवण सात-आठशे, तिकिटं शंभराच्या आत. वाटाड्या हवा असेल तर एकट्यादुकट्याला महाग पडतो, फाटकाशी चार-पाच माणसं जमवून वाटून घ्या. शिक्षक दिसले तर त्यांच्या मागे उभं राहून फुकट ऐका. माझ्या मागे उभं राहून वर्षानुवर्षं लोकांनी ऐकलंय, मी कधी हाकललं नाही.

हेमाडपंती शब्दाबद्दल एक, कारण आता तिसऱ्या दिवसाकडे येतोय. आपल्याकडे चुन्याशिवाय उभं केलेलं कुठलंही दगडी देऊळ दिसलं की हेमाडपंती म्हणायची पद्धत आहे. हेमाद्री हा यादवांचा मंत्री, तेराव्या शतकातला. त्याच्या जन्माआधीपासून मराठवाड्यात अशी देवळं बांधली जात होती. भोकरदन तालुक्यात अन्व्याचं देऊळ बघितलंत तर कळेल. अजिंठ्याच्या रस्त्यावर गोळेगावहून आत जावं लागतं. खांबांचा भरगच्च मंडप, आणि बाहेरच्या भिंतीवर विष्णूच्या शक्ती, म्हणजे स्त्रीरूपं, हातांत शंख-चक्र-गदा-पद्म घेतलेली. मी तिथे चार तास चित्रं काढत बसलो तेव्हा आवारात मी, एक म्हातारे पुजारी आणि एक शेळी एवढेच होतो. पण तुमच्या परतीच्या वाटेवर अन्वा नाही, चारठाणा आहे.

तिसऱ्या दिवशी रेल्वेने परत जाऊ नका. वेरूळहून संभाजीनगर, तिथून जालना-मंठामार्गे जिंतूरकडे जाणारी एसटी घ्या. चारठाणा याच रस्त्यावर, जिंतूरच्या अलीकडे लागतं. परभणी जिल्ह्यातलंच गाव, तुमच्या घरापासून दोन-अडीच तासांवर, आणि पैज लावतो की तुम्ही गेला नसाल. गावात एकटा उभा असलेला, तळापासून वरपर्यंत कोरलेला दगडी खांब आहे. कुणी त्याला दीपमाळ म्हणतं, कुणी मानस्तंभ, कुणी विजयस्तंभ. गोकुळेश्वराचं देऊळ आहे, पायऱ्यांची बारव आहे, आणि मोडक्या देवळांचे तुकडे गावभर आहेत. तिकीट नाही, वेळ नाही, वार बंद नाही. खायला मात्र काही मिळेलच असं नाही, वेरूळचे पेरू शिल्लक ठेवा.

शाळा सुटायच्या वेळेला पोचलात तर विचारायची गरजच पडणार नाही. खांबाकडे बघत उभ्या राहिलात की दोन-चार पोरं आपणहून येतील आणि पायरीला बसवलेला कोणता दगड आधी मूर्ती होता ते दाखवतील. परभणीची शेवटची गाडी जिंतूरहून किती वाजता आहे, ते मात्र उतरतानाच वाहकाला विचारून ठेवा.